तीन लेंड्यांचा फरक

माझ्या नणंदेने इतकी वर्षं नोकरीत नेमकं काय केलं असं कुणी विचारलं, की आमचे हे घसा साफ करून सांगतात, "मेंदूवर संशोधन." ते काही खोटं बोलत नाहीत. पण मी तिथे पडदे टांगायला गेलेली बाई आहे, त्यामुळे मला आतली गोष्ट ठाऊक आहे. ताईंनी उंदरांच्या लेंड्या मोजल्या. हजारोंनी मोजल्या, आणि त्यावर नाव कमावलं.

यात हसण्यासारखं काही नाही, हे त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. उंदराला बोलता येत नाही. घाबरलास का रे, असं विचारून तो काही सांगणार नाही. म्हणून त्याला एका मोठ्या, लख्ख उजेडातल्या उघड्या पेटीत सोडायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. निवांत उंदीर पेटीभर हिंडतो. घाबरलेला भिंतीला चिकटून राहतो आणि लेंड्या टाकतो. भीती जितकी जास्त, तितक्या लेंड्या जास्त. "माणसाचंही तेच आहे," ताई म्हणाल्या, "फक्त माणूस दार लावून घेतो." मी त्या वेळी जेवत होते.

मी शिवणकाम करते. पडदे, सोफ्याचे अभ्रे, गाड्यांची कव्हरं, जे येईल ते. ताईंच्या उंदरांना दिवसा झोपायला अंधार लागायचा, म्हणून पिंजऱ्यांचे काळे पडदे माझ्याकडे आले आणि त्या निमित्ताने त्यांच्या प्रयोगशाळेत मी दर दोन वर्षांनी जाऊन यायचे. बाकी घरातल्या कुणी तिथे पाऊल ठेवलं नाही. आमच्या ह्यांना तर उंदीर चित्रातला असला तरी पाय वर घ्यावे लागतात.

ताणावर जिचे लेख छापून येतात ती बाई घरात कशी असेल, असं लोकांना वाटतं? शांत, समंजस, मंद आवाजात बोलणारी? आमच्या ताई गाडी नऊची असली तर सातला स्टेशनवर असायच्या. पर्समध्ये तीन पेनं, कारण दोन बंद पडली तर. घराला कुलूप लावून आम्ही जिना उतरलो की त्या हमखास थबकायच्या आणि म्हणायच्या, "गॅस?" मग त्या वर जाऊन गॅस बघून यायच्या. फाटकापाशी पोचलो की पुन्हा वर. मी खाली उभी राहून नुसती धुमसत असायचे. एकदा मी विचारलं, "ताई, ह्याच्यावर तुमच्या शास्त्रात काही औषध नाही का?" त्या म्हणाल्या, "आहे ना. गॅस बघून येणं."

त्यातून त्यांनी आम्हालाही सोडलं नव्हतं. माणूस ताणात असला की त्याच्या थुंकीत एक रसायन वाढतं म्हणे. ते मोजायचं तर कापसाचा बोळा दोन मिनिटं चावायचा आणि तो छोट्या नळीत घालून थंड ठेवायचा. हे एकदा जमायला लागल्यावर आमच्या घरात धड भांडता येईना. मी आणि हे जरा आवाज चढवून बोलायला लागलो, की ताई बोळे घेऊन हजर. "थांबू नका, थांबू नका. फक्त आधी हा चावा." तोंडात कापूस घेऊन नवऱ्याला फैलावर घेता येत नाही. दोन मिनिटांनी कशावरून भांडत होतो तेच आठवायचं नाही. फ्रिजच्या दारात लोणी ठेवायच्या जागी आमच्या संसाराची थुंकी नाव-तारखेनिशी मांडलेली असायची. स्वतःची मात्र त्यांनी कधी घेतली नाही. "मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नसतं," असं त्यांचं म्हणणं.

तर अशा ताईंच्या नावावर एकच मोठा शोध होता. एक होता, पण दांडगा होता. उंदराला अरुंद नळीत दोन तास कोंडून ठेवलं तर त्याची चांगलीच घाबरगुंडी उडते. नंतर त्याला पिंजऱ्यात एकटं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी उघड्या पेटीत तो नऊ-नऊ लेंड्या टाकतो. पण रात्रभर ओळखीचा दुसरा उंदीर सोबतीला दिला, तर सहाच. मेंदूत बदामासारखा दिसणारा एक भाग असतो, भीती तिथे उगवते. सोबत मिळाली की तो बदाम थंडावतो, असं ताईंचं म्हणणं. त्यांनी मेंदूच्या चकत्या करून तेही पाहिलं होतं. फरक फार बारीक होता, डोळे बारीक करून पाहिलं तरच दिसायचा. ताई डोळे बारीक करूनच पाहायच्या.

अठरा वर्षं हा शोध त्यांच्या नावावर होता. कुठल्या कुठल्या देशांतले लोक आपल्या लेखात त्याचा दाखला द्यायचे. निवृत्तीला चार महिने उरले आणि एका दूरच्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. अतिशय सभ्य पत्र. 'आम्ही आपला प्रयोग पाच वेळा जसाच्या तसा करून पाहिला. आम्हाला काहीही फरक दिसत नाही. आपण एकदा पुन्हा पाहाल का?'

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लगेच पुन्हा प्रयोग लावला. तीन आठवड्यांनी आकडे आले, एकट्याला नऊ, जोडीवाल्याला नऊ. त्यांचं जेवण तुटलं. पत्राला उत्तर काय द्यायचं या विवंचनेत त्या बाल्कनीत फेऱ्या मारायच्या, आणि गॅस तर आता पाच वेळा बघायला लागल्या. शोध मागे घ्यावा लागला तर चार महिन्यांनी रिकाम्या हाताने घरी यायचं होतं, आणि हे त्यांनी मला स्पष्ट बोलून दाखवलं. "मी लग्न केलं नाही, मूल नाही. एक गोष्ट केली, तीही चुकली म्हणायचं का?" मी ताटात भात वाढला, तो तसाच राहिला.

मग एक चमत्कार झाला. प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. अठरा वर्षांत एक दिवस न चुकलेले हे मामा नेमके त्या तीन आठवड्यांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. ते परत आले, ताईंनी हट्टाने प्रयोग पुन्हा लावला, आणि काय सांगू, एकट्याला नऊ, जोडीवाल्याला सहा. ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "हाताळणी," त्या घरभर सांगत सुटल्या. "सगळा हाताळणीचा प्रश्न आहे. बदली माणसाने उंदीर धसमुसळेपणाने उचलले असणार. मामांचा हात हलका आहे." तो हलका हात कुठवर पोचला होता, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

या प्रयोगातल्या उंदरांच्या शेवटच्या तुकडीचे चार दिवस राहिले असताना मी नवीन पडदे टांगायला गेले. पेटीच्या खोलीत खिडकीलाही पडदा हवा होता. मी स्टुलावर चढून, अर्धा पडदा पुढ्यात घेऊन हुक अडकवत होते. प्रयोग चालू असताना कुणी हलायचं नाही हा तिथला नियम, म्हणून मी श्वास धरून उभी. पाच मिनिटं झाल्याची घंटा वाजली. मामा आत आले. त्यांनी उंदराला अलगद उचलून पिंजऱ्यात ठेवलं, पाठीवरून बोट फिरवलं. मग खिशातून चिमटा काढला, औषधाच्या गोळ्यांची एक रिकामी डबी काढली, आणि पेटीतल्या लेंड्यांपैकी तीन, निवडून, एकेक उचलून डबीत टाकल्या. डबीचं झाकण लावलं, खिशात ठेवली आणि दार उघडून मोजणी करणाऱ्या विद्यार्थिनीला म्हणाले, "या, मोजा."

मी पडद्याआडच राहिले. मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे कळू नये, नाहीतर मन आकड्यात लुडबूड करतं, म्हणून ताईंनी केवढा बंदोबस्त ठेवला होता. पिंजऱ्यांना सांकेतिक आकडे, यादी कुलपात, विद्यार्थिनी दाराबाहेर. सगळ्यांना अंधारात ठेवलं होतं, फक्त उंदीर पिंजऱ्यातून काढून आणणाऱ्या माणसाला सोडून. जोडीच्या पिंजऱ्यात दोन उंदीर असतात हे कळायला यादी लागत नाही.

विद्यार्थिनी मोजून गेल्यावर मी पडद्याआडून बाहेर आले. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या खिशाकडे पाहिलं.

"वहिनी, तुम्ही होय."

"मामा, हे कधीपासून?"

"पहिल्यापासून," मामा म्हणाले. लपवाछपवी नाही, काही नाही. "मी नवीन होतो. मॅडमची नोकरी तेव्हा कच्ची होती. एक दिवस जिन्यावर बसून रडत होत्या. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाल्या, मामा, जोडीवाल्यांनी कमी टाकायला पाहिजे होत्या. त्या दिवशी त्यांचा जेवणाचा डबा तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, एवढंच ना."

"एवढंच?"

"जोडीवाल्यांच्या कमी निघाल्या की मॅडम डबा खातात. आता डबा धुवायला माझ्याकडे येतो, मला दिसतं ना. मला वाटायचं, उंदरांना स्वच्छता शिकवायचा काहीतरी प्रयोग असेल." मग जरा मान ताठ करून म्हणाले, "पण तीनच हां. चौथीला कधी हात लावला नाही. आणि एखाद्याने मुळात तीनच टाकल्या असतील तर एक ठेवायचो. उगाच हावरटपणा बरा दिसत नाही."

मी तशीच घरी आले. शनिवार होता. ताई टेबलाशी बसून त्या दूरच्या प्रयोगशाळेला उत्तर लिहीत होत्या, आणि सोमवारी ते जाणार होतं. मी आत आल्याबरोबर त्यांनी मला वाचून दाखवलं. 'आपल्याकडील कर्मचाऱ्यांचा हात पुरेसा हलका आहे काय, हे एकदा तपासून पाहावे.' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, इतकं त्यांना आवडलं होतं.

खरं सांगते, गप्प बसावं असं मला वाटलं. दोन-अडीच महिन्यांचा तर प्रश्न होता. उंदीर काही साक्ष द्यायला येणार नव्हते. अठरा वर्षं मामांना जे जमलं ते मला दोन-अडीच महिने जमलं असतं. पण त्या पत्राखाली ताईंची सही होती, आणि उद्या कुणी चिमटा शोधून काढला असता तर लबाड म्हणून नाव ताईंचं झालं असतं. त्या भित्र्या असतील, हट्टी असतील, लबाड नव्हत्या. मी खुर्ची ओढून बसले आणि जे पाहिलं ते सांगितलं.

ताईंनी मला एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तीन?"

"तीन."

त्या उठल्या आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माझ्या डोक्यात तेव्हासुद्धा त्यांचं पेटीतल्या उंदराचं आणि माणसाच्या दाराचं वाक्य आलं आणि मला स्वतःचाच राग आला. सहाच्या सुमाराला दार उघडलं. त्या स्वयंपाकघरात आल्या, डब्यातून कापसाचा बोळा घेतला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. घड्याळाकडे बघत दोन मिनिटं चावला, नळीत घातला, चिठ्ठीवर काहीतरी लिहून फ्रिजमध्ये ठेवला. मी आणि हे दोघे बघत उभे. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. मग त्या पुन्हा आत गेल्या आणि दार लागलं. जेवायला आल्या नाहीत.

रविवारी मी मामांना घरी बोलावून घेतलं. ताईंना विचारलं नाही, विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि आल्याआल्या ती डबी टेबलावर ठेवली, जप्तीचा माल हजर करावा तशी. नोकरी जाणार हे धरूनच आले होते. ताई बाहेर आल्या. आता वादळ होणार म्हणून आमचे हे कधी नव्हे ते बाजारात जायला तयार झाले.

पण ताई म्हणाल्या, "मामा, दर वेळी तीनच? नक्की?"

"डोळ्यांची शपथ. आता तर नवीन डोळे आहेत."

ताईंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. कपाटावरून त्यांनी अठरा वर्षांच्या वह्या खाली काढल्या. चोरी एकसारखी झाली असेल तर ती भरून काढता येते, हे त्यांचं गणित. जोडीवाल्यांच्या प्रत्येक आकड्यात तीन मिळवायचे आणि तरीही थोडा फरक उरतो का ते पाहायचं. अर्ध्या लेंडीचा उरला तरी चालला असता. आम्ही तिघं दुपारभर बसलो. ताई आकडा वाचायच्या, मी तीन मिळवून लिहायची, आणि मामा मधूनमधून सांगायचे, "ह्यात दोनच मिळवा, हा ढिला उंदीर होता, तीनच टाकल्या होत्या त्याने." अठरा वर्षांमागचा ढिला उंदीर त्यांना आठवत होता. ताईंना हसू आलं. हसू आवरेना, मग मलाही आवरेना, आणि मामा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत बसले, कारण ते गंभीरपणे सांगत होते.

साडेपाचला बेरीज संपली. एकट्याला नऊ पूर्णांक एक. जोडीवाल्याला नऊ पूर्णांक एक. अर्धी लेंडीसुद्धा उरली नाही. अठरा वर्षांत ताईंनी उंदरांबद्दल जे शोधलं होतं, ते सगळंच्या सगळं त्या गोळ्यांच्या डबीत गेलं होतं.

ताईंनी वही मिटली. "मला फार लाज वाटते," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि त्यांनी तो झटकला नाही. मामा म्हणाले, "मॅडम, सकाळपासून काही खाल्लं नाहीत." हे बोलून त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं, कारण सगळं रामायण ताईंच्या ह्याच न खाण्यातून घडलं होतं. मी आमलेट-पाव केलं. ताईंनी ते पुरतं खाल्लं, मामांनी ताट नीट निरखून पाहिलं.

आधीचं पत्र फाडून ताईंनी नवीन लिहिलं. चारच ओळी. 'मोजणीआधी नमुन्यात ढवळाढवळ झाली होती. आमच्या प्रयोगात फरक नाही. आपले निरीक्षण बरोबर आहे. जबाबदारी सर्वस्वी माझी.' मामांनी ते मला वाचायला लावलं, लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "माझं नाव नाही घातलं?"

"तुमची नोकरी राहावी म्हणून, मामा."

"ते ठीक आहे," मामा म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला. "पण अठरा वर्षं काम मी केलं."

सहाचे ठोके पडले तशा ताई उठल्या आणि बोळ्यांचा डबा काढला. मी म्हटलं, "आता कशाला? आता तर सगळं संपलं." त्या बोळा तोंडात टाकता टाकता म्हणाल्या, "कालचा सहालाच घेतला होता. वेळ बदलली तर तुलना कशी होणार?"

सोमवारी पत्र गेलं. संचालकांनी ताईंना बोलावून ढवळाढवळ कुणी केली ते नाव विचारलं. ताईंनी सांगितलं, "प्रयोग माझा होता." त्यांनी तीनदा विचारलं, ताईंनी तीनदा हेच सांगितलं. शोध मागे घेतल्याची सूचना छापून आली. निरोपाच्या कार्यक्रमात संचालक चार मिनिटं बोलले, त्यातली तीन इमारतीच्या नव्या लिफ्टबद्दल. जोडीच्या उंदरांचा कुणी उल्लेख केला नाही. मामा शेवटच्या रांगेत उभे राहून एकटेच टाळ्या वाजवत राहिले, बाकीच्यांच्या थांबल्यावरसुद्धा.

घरी आल्यावर ताईंनी पर्समधून एक कागद काढून मला दिला. शेवटच्या आठवड्यात थुंकीच्या नमुन्यांची एक तुकडी यंत्रावर लागणार होती, तीत त्यांनी आपल्या दोन नळ्या घुसडल्या होत्या. दोन ओळी होत्या. 'शनिवार, एकटी: एकोणीस.' 'रविवार, सोबतीला दोन: आठ.'

मी कागद उलटसुलट केला. शनिवारी तर थोडी आशा तरी होती. रविवारी सहा वाजता सगळं बुडालेलं होतं, आणि आकडा निम्म्याहून खाली.

"दोन कोण?" मी विचारलं.

"एक मामा," त्या म्हणाल्या. "आणि एक तू." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईने म्हणाल्या, "नळ्या मी स्वतः कुलपात ठेवल्या होत्या. मामांना जवळ फिरकू दिलं नाही."

"म्हणजे तुमचं खरंच होतं की, ताई."

"एक प्राणी, दोन नमुने. ह्याला कुत्रं विचारणार नाही." त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन चुरगळला आणि केराच्या डब्यात टाकला. त्या कपडे बदलायला गेल्यावर मी तो काढला, त्यावर हलकी इस्त्री फिरवली आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवून दिला.

आता ताई घरीच असतात. महिन्यातून एकदा मामा येतात, आणि जेवण झालं की सगळ्यांची ताटं उचलायला तेच पुढे होतात. आम्ही दोघी बाहेर निघालो की ताई जिन्याखाली थबकतात आणि म्हणतात, "गॅस?" पूर्वी मी खाली उभी राहायची. हल्ली मीही त्यांच्याबरोबर वर जाते.